घराखालचा वर्लिन

वर्लिन स्पाइटला मी सातवीत गणित शिकवलं. तेव्हाही तो बहुतेक वेळ बाकाखालीच असायचा. पेन्सिल पडली, खोडरबर पडलं, असं काहीतरी निमित्त काढून खाली जायचा आणि दोन मुलींच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून वर यायचा. आता तो बावन्न वर्षांचा आहे आणि पोटापाण्यासाठी लोकांच्या घराखाली जातो.

आमच्या पाइन ब्रांचमधली जुनी घरं जमिनीला टेकत नाहीत. विटांच्या बुटक्या भिंतींवर ती उभी असतात आणि खाली दोन-अडीच फुटांची अंधारी पोकळी असते. तिथे ओल धरते, तुळयांना बुरशी येते, तुळया मऊ पडतात. मग एक दिवस कुणीतरी खोलीतून चालत जातं आणि कपाटातल्या बशा किणकिणतात. बशा किणकिणल्या की लोक वर्लिनला फोन करतात.

दारावरची घंटा वाजवणं त्याला माहीत नाही. तो आधी थेट खाली शिरतो, पाठीवर सरपटत सगळं बघून घेतो आणि मग स्वयंपाकघराच्या खालून ठोकून ओरडतो, "बाई, तुमचं सिंक गळतंय!" माझ्या हातून अशा दोन काचेच्या बरण्या फुटल्या आहेत.

वरची माणसं मात्र तो खाली आहे हे पाच मिनिटांत विसरतात आणि बोलायला लागतात. त्यामुळे गावातलं निम्मं खाजगी बोलणं वर्लिनने लाकडी जमिनीच्या उलट्या बाजूने ऐकलेलं आहे. तो कुणाचं कुणाला सांगत नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण त्याला राहवतही नाही. एका गृहस्थांनी आपल्या सासूबाईंच्या रताळ्याच्या पायला, म्हणजे गोड सारण भरलेल्या जाड पोळीला, घरात 'बुटाचा तळवा' म्हटलं होतं. पुढच्या रविवारी चर्चच्या जेवणात वर्लिनने त्याच पायचा मोठा तुकडा कापला, सासूबाईंच्या देखत जावयाच्या ताटात वाढला आणि म्हणाला, "तुम्हाला फार आवडते असं ऐकलंय." त्यांनी तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

गेल्या जूनमध्ये मिस ओलीटा ब्रॅक्सटन यांच्या जेवणाच्या खोलीची लाकडी जमीन मधोमध खचली. मिस ओलीटा त्र्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, ती चार नातवंडांची आजी असली तरी, मिसच म्हणतात.) त्यांची मुलगी गेनेल रॉलीहून आली होती. तिने टेबलावर लिंबू ठेवलं, ते घरंगळत जाऊन मधल्या फुलदाणीला लागलं.

"आई, ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी मी परत येईन," ती म्हणाली. "तोवर हे असंच असेल तर तू माझ्याकडे यायचंस. तुझी खोली तयार आहे."

"खोली तयार आहे म्हणे!" मिस ओलीटा नंतर मला म्हणाल्या. "मी काय चादर आहे, घडी घालून कपाटात ठेवायला?"

पण गेनेलने जाताना आणखी एक सांगितलं होतं आणि ते त्यांना जास्त झोंबलं होतं. "जमीन दुरुस्त होईल गं. तू कुणाचंच ऐकत नाहीस, हे खरं दुखणं आहे. जी बाई कुणाचं म्हणून ऐकत नाही, तिला मी एकटं कसं राहू देऊ?"

वर्लिन खाली जाऊन आला. तीन तुळयांमध्ये त्याचा स्क्रूड्रायव्हर पावात जावा तसा गेला होता. त्याच्या मते दोष होता झरोक्यांचा. घराच्या बुटक्या भिंतीत चहूबाजूंनी लोखंडी झडपांचे झरोके असतात. एक मे आला की आमचं सगळं गाव ते उघडतं आणि पहिलं हिव पडलं की बंद करतं. मिस ओलीटांचे यजमान ह्यूबर्ट चाळीस वर्षं हेच करत आले. ते गेल्यावर मिस ओलीटा त्यांचीच काठी घेऊन झडपा ढोसतात.

"घराला श्वास नको का घ्यायला?" त्या म्हणाल्या.

"मिस ओलीटा, आपली जुलैतली हवा म्हणजे पिळून काढलेलं फडकं. घराखाली गार असतं. ही दमट हवा आत गेली की लाकडावर पाणी धरते." त्याने त्यांच्या हातातल्या बर्फ घातलेल्या चहाकडे बोट दाखवलं. "हा ग्लास बाहेरून ओला का झाला? गळतोय का?"

मिस ओलीटांनी ग्लास उचलला, नीट पाहिला आणि एप्रनला पुसला. "आता नाही ओला," त्या म्हणाल्या.

वर्लिनने काम सुरू केलं. खालच्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं, कुजक्या तुळयांच्या शेजारी नव्या तुळया बोल्टने आवळल्या, खचलेल्या भागाखाली जॅक लावले. हे जॅक रोज पाव फेराच फिरवायचे. घाई केली तर वरच्या भिंतींचा गिलावा तडकतो. जाता जाता त्याने सगळे झरोके बंद केले.

सकाळी येऊन पाहतो तर सगळे उघडे. त्याने बंद केले. दुसऱ्या सकाळी पुन्हा उघडे.

"मिस ओलीटा, कुणीतरी झरोके उघडतंय."

"रॅकून असतील. रात्री घराखाली शिरतात ना ती जनावरं."

"रॅकून काठी घेऊन हिंडतात?"

"आपल्या गावचे आता म्हातारे झालेत रे."

असं दोन आठवडे चाललं. मी त्याला म्हटलं, "अरे, सरळ स्क्रू मारून टाक ना झडपांना."

"बाई, मी स्क्रू मारले तर त्या काढायला ओणव्या होतील. मग मला तुळयांऐवजी त्यांची हाडं जोडत बसावं लागेल." आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते सातवीतलं हसू आलं. बाकाखालून वर येतानाचं.

दुसऱ्या दिवशी तो ओल मोजायचं यंत्र घेऊन आला. मुठीएवढं असतं, पुढे दोन सुया. त्या लाकडात टोचल्या की आकडा दिसतो. जेवणाच्या खोलीच्या बरोबर खाली जाऊन तो खणखणीत ओरडला, "चोवीस!"

"चोवीस काय?" वरून मिस ओलीटा.

"ओल. शंभरात चोवीस. जितकी कमी तितकी बरी."

वर एक खुर्ची सरकली. मग, "बाकीच्यांची किती असते?"

"दुसऱ्याच्या घरातलं मी बोलत नाही. तुम्हाला माहीत आहे."

आणि खरंच तो बोलला नाही. तो फक्त रस्ता ओलांडून समोर मिस आयडेल मोझिंगोंकडे गेला. त्यांचे झरोके त्याने आदल्या वर्षीच बंद केले होते. त्यांच्या घराखाली जाऊन त्याने फुकटात ओल मोजली आणि आकडा त्यांच्या त्यांना सांगितला. मिस आयडेल आणि मिस ओलीटा पन्नास वर्षं चर्चच्या गायनात शेजारी उभ्या राहतात आणि पन्नास वर्षं दोघींनाही वाटतं की दुसरी बेसूर आहे. वर्लिनला आणखी काही करायची गरजच नव्हती.

बुधवारच्या प्रार्थनेनंतर मिस आयडेल पंख्याने वारा घेत म्हणाल्या, "माझं तेरा आलं बाई. वर्लिन म्हणाला, असं लाकूड कमी बघायला मिळतं. ओलीटा, तुझं किती गं?"

मिस ओलीटांना तेवढ्यात आपली पर्स सापडेना.

गुरुवारी सकाळी दहाच्या दहा झरोके बंद होते. शिवाय काठीने झडपांच्या फटींत जुने टॉवेलही कोंबले होते.

सहामाहीचा निकाल लागला की पालकांना जो आजार होतो, तो मी एकतीस वर्षं पाहिला आहे. तो आता चर्चच्या सगळ्या बायकांना झाला. जिला तिला आपला आकडा हवा होता. मिस ओलीटा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवत: एकवीस, एकोणीस, अठरा. वर्लिन दिसला की विचारत, "आज किती?"

"लाकूड आहे, मिस ओलीटा. ताप नाही, रोज बघायला."

ऑगस्टचा तिसरा रविवार आमच्या चर्चचा माहेरपणाचा. गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी परत येतात. चर्च सुटल्यावर मिस ओलीटांकडे जेवायला त्यांना धरून आम्ही आठजण होतो: गेनेल आणि तिचा नवरा, पाळकसाहेब, त्यांच्या पत्नी, मी, आणि गोल्ड्सबरोच्या दोन चुलतबहिणी. या दोघींना वजनदार म्हटलं तर वजनाचा अपमान होईल. जमिनीखालचा मधला एक खांब अजून बसवायचा होता, तिथे जॅकच होता. "या रविवारी टेबल भिंतीकडे घ्या," असं वर्लिनने बजावलं होतं. मिस ओलीटांनी ते खोलीच्या मधोमध मांडलं.

पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली. तळलेल्या कोंबडीपासून परदेशातल्या गरजूंपर्यंत सगळ्यांची आठवण काढून ते थांबले, आणि आमच्या पायांखालून आवाज आला, "आमेन."

गेनेलने डोळे उघडले. "आई, खाली कोण आहे?"

"वर्लिन. बटाट्याचं सॅलड घे ना."

"जेवायच्या वेळी?"

"तो खालीच बरा असतो."

"मिस ओलीटा," खालून अदबीने विचारणा झाली, "गोल्ड्सबरोच्या पाहुण्यांना जरा खिडकीकडे सरकवता का?"

पाहुण्या सरकल्या. मान ताठ ठेवून सरकल्या. गेनेलने मात्र रुमाल टेबलावर आपटला. "बस्स. मी स्वतः बघणार आहे." आणि ती पिवळ्या रेशमी पोशाखानिशी मागच्या दारी गेली, गुडघ्यांवर बसली आणि घराखाली शिरली.

मग आम्ही ते केलं जे वर्लिन इतकी वर्षं करत आला आहे. पाळकसाहेबांनी काटा हवेतच धरला. खालचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"ही जुनी तुळई. ही नवी. टोचून बघा तुम्हीच."

"सोळा. म्हणजे चांगलं?"

"चांगलं. जॅकच्या जागी मंगळवारी खांब बसेल, मग नाचलात तरी चालेल."

"वर्लिन, ऑगस्टमध्ये झरोके बंद कसे? बाबा गेल्यापासून मी बंद ठेव म्हणून सांगून थकले. तू केलेस?"

"मी केले की त्या उघडायच्या. हे त्यांनी केलेत. टॉवेलसुद्धा त्यांचेच."

मिस ओलीटा सॅलडकडे अशा बघत होत्या, जणू ते उलटून बोलणार होतं.

गेनेल वर आली तेव्हा केसांत कोळिष्टक होतं आणि पिवळा पोशाख गुडघ्यांपाशी काळा झाला होता. "आई, तू कुणाचं तरी ऐकलंस?"

"मुळीच नाही," मिस ओलीटा म्हणाल्या. "आयडेल मोझिंगोला तेरा आणि मला चोवीस, हे मी खपवून घेणार नव्हते. एवढंच."

गेनेल खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "रॉलीतली खोली मी शिवणकामाला घेते," ती शेवटी म्हणाली. "तू इथेच राहा. तुला वठणीवर कसं आणायचं ते मला कळलंय." तिने एक ताट घेतलं, त्यात कोंबडी, सॅलड आणि केकचा चांगला जाड तुकडा वाढला आणि ताट घेऊन ती बाहेर पडली.

तेवढ्यात वर्लिन हात धुऊन आला. मिस ओलीटांनी त्याला गेनेलच्याच खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खिडकीशी गेल्या. गेनेल रस्ता ओलांडून मिस आयडेलच्या व्हरांड्यात बसली होती. दोघींची डोकी जवळ आली होती. मिस आयडेल जोरजोरात मान हलवत होत्या.

"काय शिजवतायत त्या दोघी?" मिस ओलीटा म्हणाल्या. "वर्लिन, काय बोलतायत रे?"

वर्लिनने कोंबडीचा पाय उचलला. "मला काय विचारता? मी आज वर बसलोय."