काचेची पेटी जागी होताना

थांबाताईंचं खरं नाव कारखान्यात कुणी घेत नसे. कुणी घाईनं एखादं मशीन चालू करायला गेलं की त्यांच्या तोंडून आधी "थांबा!" निघायचं, म्हणून त्या थांबाताई. साहेबांपासून दारावरच्या रखवालदारापर्यंत सगळे त्यांना तसंच म्हणायचे आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

पंचाईत व्हायची ती घरी. ताई ड्रायव्हर लिहायच्या. सासूबाई शेजारणीला मोठ्या अभिमानानं सांगायच्या, "आमची सून ड्रायव्हर आहे."

"अगंबाई! बस की ट्रक?"

सासूबाई क्षणभर गडबडायच्या, मग ठासून म्हणायच्या, "मोठंच असणार काहीतरी. घरी येते ती पार दमून येते."

ताईंची ती गाडी खरं तर हरभऱ्याच्या डाळीएवढी होती. दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेट्या हा कारखाना बनवायचा. बाळाच्या पोटावर एक इवलासा सेन्सर चिकटवतात. तो अंगाची ऊब मोजतो आणि आकडा पेटीच्या मेंदूला कळवतो, मेंदू त्यावरून हीटर कमीजास्त करतो. त्या दोघांमधलं बोलणं घडवून आणणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. पेटी चालू झाली की सेन्सरला रीसेट करायचं, म्हणजे जुनं सगळं विसरायला लावून नव्यानं जागं करायचं, हेही त्याचंच काम.

एके सकाळी रुग्णालयातून मोठ्या सिस्टरांचा फोन आला. बाळांचा तो विभाग त्यांच्या ताब्यात होता.

"ताई, तुमच्या पेटीनं आज मला घाम फोडला. लाइट नुसती लुकलुकली, गेली म्हणेपर्यंत आली. पेटी पुन्हा चालू झाली आणि पडद्यावर शून्य! बाळ चांगलं हातपाय हलवतंय, आणि पेटी म्हणतेय बर्फ झालंय. हीटर लागला ना धडाधड तापायला. मी समोरच होते म्हणून लगेच बंद केला."

"बाळ?"

"बाळाला काही नाही. दुसऱ्या पेटीत छान झोपलंय. पण मी समोर नसते तर?"

जास्त तापलं की हीटर आपोआप तोडणारी वेगळी सोय पेटीत होती, हे ताईंना माहीत होतं. पण तिच्यावर विसंबून चालणार नव्हतं. ती पेटी त्यांनी त्याच दिवशी कारखान्यात मागवली आणि टेबलावर ठेवून चालू-बंद करत बसल्या. पेटी शहाण्यासारखी वागली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सेन्सर बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली, स्वतःचाच प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचून काढला. चूक सापडेना.

रविवारी त्या आईकडे गेल्या. आई उमेदीच्या काळात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, कानाला हेडफोन लावून वायरी जोडायच्या आणि काढायच्या. भाजी निवडता निवडता तिला जुन्या गोष्टी आठवायच्या आणि आठवल्या की थांबायच्या नाहीत.

"एकदा आमचं आख्खं बोर्ड बंद पडलं," आई सांगत होती. "चालू झाल्यावर मी एक वायर हातात घेतली, कानाला लावते तर काय, पलीकडे एक गृहस्थ बोलतच होते! कुणाला तरी पत्ता सांगत होते बिचारे. त्यांचं ऐकणारं माणूस लाइनवरून केव्हाच गेलेलं. त्यांना काय ठाऊक?"

ताईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? वाक्य पुरं होऊ दिलं आणि मग सांगितलं, पुन्हा लावून देते म्हणून. मधेच वायर उपटली असती तर ते ओरडले असते की गं माझ्यावर."

दुसऱ्या दिवशी ताईंनी पेटीचं बटण दाबलंच नाही. वीज अगदी निमिषभर तोडून परत जोडणारं एक छोटं सर्किट बनवलं, सेन्सरच्या तारेला स्कोप लावला. स्कोप म्हणजे तारेतला विजेचा चढउतार पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र. वीज तुटली, जुळली. बराच वेळ काही घडलं नाही. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. आणि एकदाची ती रेघ खाली गेली आणि खालीच राहिली.

ताई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या.

विजेच्या त्या झटक्यात पेटीचा मेंदू बंद पडून नव्यानं सुरू झाला होता, पण सेन्सर बंदच पडला नव्हता. त्याला वीज लागते ती किती, अंगात उरलेल्यावर त्यानं तेवढा क्षण काढला होता. बटणानं बंद केल्यावर तोही पुरता झोपायचा, म्हणून टेबलावर चूक दिसली नव्हती. आणि नेमका त्या क्षणी तो उत्तर देत होता. मेंदूनं एकेक ठोका द्यायचा आणि सेन्सरनं प्रत्येक ठोक्याला उत्तराचा एकेक तुकडा द्यायचा, अशी त्यांची रीत. मेंदू मधेच गेला, ठोके थांबले, आणि सेन्सर हातातला तुकडा पुढे करून, तार खाली ओढून धरून, पुढच्या ठोक्याची वाट पाहत राहिला. मेंदू परत आला तो सगळं विसरून. त्यानं रीसेटचा हुकूम सोडला, पण तार अडलेली, हुकूम पोचणार कसा? अडलेली तार त्यानं वाचली, शून्य समजला, आणि हीटर पेटवला.

ताई जेवायला गेल्या, परत आल्या. सेन्सर तसाच तार धरून होता. बिघडला नव्हता, रुसला नव्हता. त्याला फक्त आपलं उत्तर पुरं करायचं होतं. इतकी वर्षं या सेन्सरांशी त्यांचा संबंध, पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्या काळ्या ठिपक्याकडे बघताना ताईंच्या अंगावर काटा आला.

त्यांनी काहीही न विचारता नुसता एक ठोका दिला. मग आणखी एक. आणखी काही दिले आणि सेन्सरनं शेवटचा तुकडा देऊन तार सोडली. रेघ झपकन वर गेली. ताईंच्या तोंडून आपसूक निघालं, "बोललास रे बाबा!"

मग त्यांनी पेटी जागी होण्याची सगळी रीतच बदलली. सगळ्यात आधी हीटर बंद, आणि भरवसा बसेपर्यंत तो बंदच राहणार. मग तार मोकळी आहे का ते बघायचं, नसेल तर सेन्सरचं बोलणं पुरं होऊ द्यायचं. त्यानंतर रीसेट. जागं व्हायला त्याला सवड द्यायची, तू कोण म्हणून विचारायचं, झोपेतून उठल्या उठल्या दिलेले पहिले आकडे सोडून द्यायचे, पेटीतल्या हवेची ऊब मोजणाऱ्या दुसऱ्या सेन्सरशी पडताळून बघायचं. तोवर पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा.

साहेबांनी पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, किती वेळ लावते ही! लोक म्हणतील बंद पडली."

"म्हणू देत, साहेब. माहीत नसेल तेव्हा माहीत नाही म्हणणारी पेटी बरी, की धडधडीत खोटं बोलणारी?"

साहेब स्वतः खुर्ची ओढून तिथंच बसले आणि कुठल्याही क्षणी वीज तोडून बघू लागले. हटकून खोडी काढावी तशी त्यांनी दुपारपर्यंत त्या पेटीची खोडी काढली. ती एकदाही चुकली नाही. उठताना म्हणाले, "घाला सगळ्या पेट्यांत."

नवा प्रोग्रॅम घातलेल्या पेट्या रुग्णालयात पोचल्यावर ताई बघायला गेल्या. हात धुऊन, डोक्याला टोपी, अंगात झगा. मोठ्या सिस्टरांनी त्यांना खिडकीजवळच्या पेटीपाशी नेलं.

आत एक मुलगी होती. तळहातावर मावेल एवढी, कातडी इतकी पातळ की खालच्या निळ्या शिरा मोजाव्यात. पोटावर चंदेरी पट्टीखाली ताईंचा सेन्सर. टेबलावर तो कायम मुकाट पडलेला असायचा. इथे तो वरखाली होत होता, तिच्या श्वासाबरोबर. ताई बघतच राहिल्या.

तेवढ्यात दिवे लुकलुकले. खाली कुठेतरी विजेचं काम चाललं होतं. पेटीचा पडदा काळा झाला आणि परत उजळला.

आडव्या रेघा.

हीटरचा दिवा विझलेला. मोठ्या सिस्टरांनी गोल झरोक्यातून हात आत घातला आणि दोन बोटं बाळाच्या छातीवर हलकेच टेकवली. पलीकडे बाळाचे वडील उभे होते. टेबलावर हे सगळं ताईंनी इतक्यांदा पाहिलं होतं की त्यांना ते झोपेतही सांगता आलं असतं. आता हीटर रोखून धरला असेल. आता तार बघितली. आता त्याला बोलू देतेय. आता तो जागा होतोय. पण आपण टेबलाशी बसून लिहिलेल्या चार ओळी या घटकेला या जिवाशेजारी एकेक करून घडताहेत, ही गोष्ट त्यांना झेपेना. सेन्सर वरखाली, वरखाली होत होता.

आकडा आला. खरा, साधा, बाळाच्या अंगाचा आकडा. हीटरचा दिवा मंद लागला. मुलीनं तोंड वाकडं करून जांभई दिली.

"बंद पडली होती का हो?" वडिलांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "खात्री करून घेत होती."

ती मुलगी पुढे चांगली बाळसं धरून घरी गेली. ते सांगायला मोठ्या सिस्टरांनी आवर्जून फोन केला.

"पेटी धुऊनपुसून ठेवलीय," त्या म्हणाल्या. "आता आत दुसरं बाळ ठेवलंय, जुळ्यांतलं धाकटं. हे बघा, चालू करतेय."

ताईंनी फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडून बाळाच्या रडण्याचा बारीक आवाज येत होता.

"आला आकडा," सिस्टर हळूच म्हणाल्या.