सात नसा आणि साडूंची कात्री

आमचे साडू, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मेडिकल कॉलेजातल्या शरीररचनेच्या संग्रहालयात कामाला होते. लागले ते बरण्या धुवायला. पंधरा वर्षांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेला आला, आणि तेव्हा जी मान वर गेली ती परत खाली आली नाही. यकृत कोणतं नि प्लीहा कोणती, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही; पण बरणीवरची चिठ्ठी गव्हाएवढी तिरकी असली तर ती त्यांना दारातूनच दिसायची. एकदा त्यांनी संग्रहालयातल्या सगळ्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. कानाची हाडं, मूतखडे आणि कुणाचा तरी अंगठा शेजारी शेजारी! मास्तर पोरांची रांग घेऊन अर्धा तास मूत्रपिंड शोधत फिरले. साडू म्हणाले, खोलीला आता कुठे कळा आली.

कॉलेजात त्यांना टापटीपराव म्हणत. ते त्यांना कौतुक वाटे. अशा माणसाला नावं ठेवायचीसुद्धा सोय नसते.

माझी धाकटी त्याच कॉलेजात डॉक्टर झाली आणि पुढचं शिकत होती. तिनं विषय घेतला मूत्राशयाच्या नसांचा. मी सातवी पास. म्हटलं, लघवीच्या पिशवीत शिकायला एवढं काय आहे बाई? तिनं कागद ओढून चित्रच काढलं. पिशवी भरली हे वर कळवायचं, धर म्हटलं की धरायचं, सोड म्हटलं की सोडायचं, ही सगळी कामं कोळ्याच्या धाग्यासारख्या नसा करतात. आतड्याच्या बाजूनं जाळं करून येतात नि पिशवीच्या बुडाशी शिरतात. तिथं ऑपरेशन करताना त्या चुकून कापल्या गेल्या, की चांगला धडधाकट माणूस जन्मभर नळी लावून बसतो. म्हणून कुठं किती नसा आहेत, त्याचा नकाशा नीट हवा. मला ते एका बैठकीत पटलं, आणि त्या एका बैठकीतून मी दोनदा उठलो होतो.

दोन वर्षं ती एका दान आलेल्या देहाच्या कमरेच्या भागावर राबली. तो बरणीतून काढायचा, भिंग लावायचं, चिमट्यानं चरबी कणाकणानं उचलायची, नस मोकळी करायची, परत बरणीत ठेवायचा. दिवसाला नखाएवढं काम. उजवीकडं चार नसा निघाल्या. ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीखालून तिनं पिवळा दोरा ओवला. डावीकडं मात्र निघाल्या सात, आणि हे तिच्या पुस्तकांत कुठं नव्हतं. तिनं चित्र पुरं केलं. डावीकडचे दोरे तेवढे ओवायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक येऊन चित्र आणि बरणी ताडून बघणार होते. जुळलं तर पदवी, नाहीतर दोन वर्षं पाण्यात.

परीक्षक येणार म्हणून साडूंनी संध्याकाळी काचा पुसायला घेतल्या. पुसता पुसता ही बरणी दिसली. एका बाजूला दोरे ओवलेल्या चार तारा, दुसऱ्या बाजूला नुसतंच काहीतरी लोंबतंय. ज्याला दोरा नाही ते कामाचं नाही, असा त्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला. विचारायला धाकटी दोन खोल्यांपलीकडं बसली होती. पण भाचीला विचारणार ते साडू कसले? खिशात बारीक कात्री असायची, दर रविवारी मिशा कातरायची. त्या कात्रीनं त्यांनी डावी बाजू साफ केली आणि शीळ घालत घरी गेले.

सकाळी धाकटीनं बरणी उघडली.

"काका, डावीकडचं कोणी कापलं?"

"जळमटं होती ती. चार माणसं येणार म्हटल्यावर असं लोंबतं ठेवतात होय? आभार नको मानूस, घरचंच काम आहे."

तिनं बरणीला झाकण लावलं. तिच्या जागी तिची आई असती तर आधी बरणी फुटली असती आणि मग साडू.

परीक्षक दोघे. तरुण होता त्याला घाई होती. चित्र सुरेख आहे म्हणाला, पण कागदावर सात काय, सतराही काढता येतात. नसा दाखवा. धाकटीनं सांगितलं, काल कापल्या गेल्या. कोणी, ते सांगितलं नाही. तो म्हणाला, मग नव्या कामानिशी भेटू, आणि पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या परीक्षक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी भिंग उचललं आणि बराच वेळ बरणीवरून डोकं काढलं नाही. पिशवीच्या बुडाशी थुटकं होती, तांदळाच्या दाण्याएवढी. समोर जाळ्याच्या बाजूलाही तशीच. ओढून तोडलं असतं तर मुळासकट उपटून आलं असतं. हे सगळं एका मापात कातरलेलं.

बाईंनी विचारलं, "इतका सरळ हात कोणाचा?"

साडू कपाटाला टेकून उभे होते. दुसरा कोणी असता तर जमिनीत गेला असता. साडूंनी सदरा खाली ओढला नि दोन पावलं पुढं आले.

"माझा. एक जरी थुटकं कमी-जास्त निघालं तर सांगा. मोजून घ्या."

"मोजल्या," बाई म्हणाल्या. "सात."

तरुणानं टोपण परत काढलं. काम त्याच दिवशी मान्य झालं. अट एवढीच, की डावी बाजू आणखी एका देहावर करून दाखवायची. त्या खोलीची किल्ली साडूंच्या जुडग्यातून निघून धाकटीकडं आली. साडू घरी सांगत सुटले, आपल्या कात्रीमुळं पोरगी पास झाली. यात चीड आणणारी गोष्ट ही, की ते खरं होतं.

आठ महिन्यांनी ती दुसरी डावी बाजू झाली. तिथं नसा निघाल्या पाच. माणसागणिक त्या बदलतात, डॉक्टरनं कापण्याआधी बघावं, असं तिनं लिहिलं, आणि ते छापून आलं. साडू जेवायला आले होते तेव्हा मी मुद्दाम धाकटीकडून ते सगळं मराठीत वदवून घेतलं. म्हटलं, आता तरी माणूस वरमेल.

साडूंनी घास गिळला, धाकटीकडं बघून मायेनं मान हलवली.

"पाच ना? मग त्या सातांतल्या दोन तर फालतूच होत्या. मी पहिल्यापासून काय सांगत होतो?"