आत्याचा ब्रेकवरचा पाय

माझी आत्या एकोणीस वर्षं लोकांना गाडी शिकवते आहे. तिची जागा ड्रायव्हरच्या शेजारची. तिथे तिच्या पायाशी एक जादा ब्रेक बसवलेला आहे, शिकणाऱ्याने घोळ घातलाच तर दाबायला. घोळ व्हायच्या आधीच तो दाबला जातो, ही गोष्ट वेगळी. तिचा उजवा बूट डाव्याच्या सहा महिने आधी झिजतो. घरी बातम्या बघताना पडद्यावर ट्रक आला, तरी तिचा पाय सतरंजीत रुततो.

आणि तोंड. ते एका सुरात, श्वास न घेता चालतं: "आरसा बघ, आरसा, तो नाही, बाजूचा, क्लच हळू, हळू म्हणजे हळू, पुढे सायकल आहे, सायकलवर माणूस आहे, त्या माणसाला घरदार आहे, ब्रेक." ब्रेक म्हणेपर्यंत तो तिनेच मारलेला असतो.

शिकणाऱ्यांना रस्त्यावरच्या खुणा पाठ होईनात, म्हणून मागच्या वर्षी तिने ठोकळे जोडून गेम बनवायचं एक सोपं सॉफ्टवेअर शिकून घेतलं आणि खुणांचा एक छोटा खेळ केला. तो चालला. भीड चेपली. त्यामुळे तंत्रनिकेतनात गेम जॅमची जाहिरात लागली तेव्हा तिने आम्हा दोघींची नावं देऊन टाकली. ती खेळ जुळवणार, मी चित्रं आणि आवाज करणार. मला विचारलं नव्हतं. आत्या विचारत नसते, वळण घेते.

गेम जॅम म्हणजे शनिवार-रविवार दोन दिवसांत, तिथेच दिलेल्या विषयावर, अख्खा नवा खेळ बनवायचा. मग एकमेकांचे खेळ खेळायचे आणि कुठे अडलं ते तोंडावर सांगायचं. विषय निघाला 'एकच बटण'. बाकीचे तेरा गट डोकं खाजवत बसले. आत्या म्हणाली, एकच बटण घेऊन तर मी आयुष्यभर बसले आहे.

आमच्या खेळात गाडी दुसराच कुणीतरी शिकाऊ चालवतो. आपण त्याच्या शेजारी, आणि आपलं एकच बटण, ब्रेक. दर वेळी दाबलं की शिकाऊचा धीर थोडा खचतो. पार खचला की तो दार उघडून चालू लागतो. न दाबता बसलं तर गाडी डुगडुगते, खांबाला घासेलसं वाटतं, पण घासत नाही, आणि तो शिकत जातो. खरा ब्रेक लागतो एकदाच, पुलाआधी कुत्रं आडवं येतं तेव्हा. पूल ओलांडला की जिंकलो.

शनिवारी दुपारी चाचणीची फेरी झाली. गळ्यात शिट्टी घातलेल्या संयोजक मॅडमनी नियम वाचून दाखवला: खेळ बनवणाऱ्याने खेळणाऱ्याच्या मागे बसायचं, बोलायचं नाही, आणि शेवटी जे ऐकावं लागेल त्यावर फक्त 'धन्यवाद' म्हणायचं.

दुसऱ्यांचे खेळ तपासायला आत्या एकदम तरबेज निघाली. सगळे पडद्याकडे बघायचे, ती खेळणाऱ्याच्या खांद्यांकडे. शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला होता, ज्याचं प्रत्येक वाक्य 'ॲक्च्युअली' या थांब्यावर गाडी लावून मगच पुढे निघायचं. त्याच्या उड्यांच्या खेळात सगळे तिसऱ्या उडीला पडत होते. ॲक्च्युअली ना, ते मुद्दामच अवघड ठेवलंय, असं त्याचं म्हणणं. आत्या म्हणाली, अवघड नाहीये, उतरायची जागा दिसत नाही म्हणून माणूस घाबरतोय, बघ, उडीआधी श्वास धरतो. त्याने ती जागा बोटभर वर घेतली आणि लोक धडाधड पार व्हायला लागले. तासाभरात आमच्या टेबलापुढे लॅपटॉप घेऊन रांग लागली.

आमचा स्वतःचा खेळ मात्र सहा जणांनी खेळला आणि सहाही जणांचा शिकाऊ दार उघडून निघून गेला. आत्याने खेळात बावीस सूचना भरल्या होत्या, त्याही माझ्याकडून तिच्याच सुरात म्हणवून घेतलेल्या. वर मागे बसून ती 'अगं, दाबू नकोस' म्हणाली ते वेगळंच. तीन शिट्ट्या खाल्ल्या. अभिप्रायाच्या चिठ्ठ्या आल्या. 'खेळ अंगावर येतो.' 'सगळं सांगितलंत, पण काय करायचं ते कळलं नाही.' एक नुसतीच: 'शेजारची बाई काढून टाका.' आत्याला प्रत्येक चिठ्ठीशी भांडायचं होतं.

त्यात मॅडमनी दुसऱ्या दिवसाची अट जाहीर केली. रविवारी चार वाजता प्रत्येक गटाने खेळ न पाहिलेला एक बाहेरचा माणूस आणायचा. त्याला दहा मिनिटं. त्यात त्याने खेळ पार केला तर आपण अंतिम यादीत. बनवणारा एक शब्द बोलला तर बाद. आत्या पांढरीफटक पडली. दहा मिनिटं गप्प ती झोपेतच असते.

तेव्हा दाढीवाला खुर्ची ओढून बसला. "ॲक्च्युअली काकू," तो म्हणाला, "आमच्या खेळात तुम्हाला सगळं दिसलं, कारण तिथे तुमच्या पायाशी ब्रेक नव्हता. इथे तुम्ही खेळणाऱ्याच्याही शेजारी जाऊन बसलायत."

आत्या कडू औषध गिळावं तसं म्हणाली, "धन्यवाद."

रविवारी सकाळी बावीसच्या बावीस सूचना निघाल्या. एकेक काढताना दात उपटल्यासारखा तिचा चेहरा. 'आरसा तरी राहू दे गं,' म्हणाली. आरसाही गेला. त्या जागी मी शिकाऊचा फक्त आवाज ठेवला: ब्रेक दाबला की त्याला धाप लागते, सोडून दिलं की तो हळूहळू गुणगुणायला लागतो.

चार वाजता आई येणार होती. तिची कामावरची पाळी लांबली, तिने बाबांना पाठवलं. बाबा म्हणजे आत्याचा मोठा भाऊ. त्यांनी एकदा तिच्याकडे गाडी शिकायला घेतली होती. अकराव्या दिवशी भर सिग्नलला गाडीतून उतरून ते पायी घरी आले. तेव्हापासून आमच्या घरात गाडी हा विषय मुका आहे. आत्याने मला कोपऱ्यात घेतलं आणि दुसरं कुणी मिळेल का विचारलं. तेवढा वेळ नव्हता.

बाबा बसले. पहिल्या वळणाला दाबलं, दुसऱ्याला दाबलं, गल्लीत माणूस दिसला, दाबलं. शिकाऊ गेला. दुसऱ्या डावात चौकापर्यंत पोचले, तिथे घाबरून चारदा दाबलं. शिकाऊ गेला. सहा मिनिटं संपली होती. आत्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले होते, ओढणीचं टोक दातांत, आणि उजवा पाय फरशीतून खाली जाईल असा रुतलेला. मी मॅडमकडे बघितलं. त्या पुटपुटल्या, "पाय चालेल. तोंड नको."

तिसरा डाव. वळण आलं, बाबांनी दाबलं, धाप लागली. बाबा थबकले. पुढच्या वळणाला बोट बटणावर नेलं आणि तसंच अधांतरी धरलं. गाडी डुगडुगली, खांबाजवळून गेली, सरळ झाली. शिकाऊ गुणगुणायला लागला.

"अरे, याला जमतंय की," बाबा स्वतःशीच म्हणाले, आणि हात काढून मांडीवर ठेवला.

चौक गेला. बाजार गेला. कुत्रं आलं, बाबांनी एकदाच दाबलं, गुणगुणणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. पूल. पुलापलीकडे गाडी थांबते, शेजारचं माणूस खाली उतरतं आणि शिकाऊ एकटा पुढे निघून जातो. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. मॅडमनी शिट्टी इतकी लांब वाजवली की दाढीवाल्याच्या टाळ्या ऐकूच आल्या नाहीत, नुसत्या दिसल्या.

अंतिम यादीतल्या खेळांना सगळ्या गटांनी मतं दिली, ती मोजली तेव्हा आमचा खेळ पहिला होता. आत्या काही बोललीच नाही. निकाल लागलाय, आता बोलू शकता, असं मॅडमना दोनदा सांगावं लागलं. ती नुसती हसत होती. तोवर टेबलापुढे रांग लागली होती, आणि रांगेच्या तोंडाशी बाबा उभे, येईल त्याला बजावत: दाबायचं नाही बरं का, सोडून द्यायचं, फक्त कुत्रं आलं की...

"दादा," आत्या म्हणाली, "गप्प बस. त्यांचं त्यांना कळू दे."

आणि तिने त्यांना दंडाला धरून मागच्या खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी बसली, आणि पुढच्या खेळणाऱ्याला खुणेनेच सांगितलं, चल.