‘स्टँड’चा अर्थ

मला बघायला बारामतीहून पाहुणे आले, तेव्हा आमच्या निमगावच्या मळ्यात वांग्यांचा नुसता पूर लोटला होता. साल छप्पन्न की सत्तावन्न, आता आठवत नाही. मुलगा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. सोबत त्याचा मित्र आणि चुलते. आईनं सकाळपासून राबून भरली वांगी केली होती.

पानं वाढली. मुलानं ताटाकडे पाहिलं आणि मित्राच्या कानाशी लागला, "आय कान्ट स्टँड इट."

माझे वडील, म्हणजे तात्या, शेजारीच भाकरी वाढत होते. त्यांचं इंग्रजी शाळेतल्या कवायतीपुरतं, पण 'स्टँड' पक्कं ठाऊक. ते तडक आत आले आणि आत्याला म्हणाले, "आक्का, घात झाला. पोराला उभं ऱ्हाता येत न्हाय."

"आरं, चालतच आला की!"

"मित्राच्या खांद्यावर हात हुता. बघितलंय मी."

जेवणं झाल्यावर मी सुपारीचं तबक घेऊन बाहेर गेले. बघायच्या कार्यक्रमात मुलीला चालवून बघतात, म्हणून मी तयारीत होते. पण आत्या मुलापुढं जाऊन ठाकली.

"पावनं, जरा त्या लिंबापतुर जाऊन या बघू."

तो गोंधळला, पण गेला आणि आला.

"आता वाईच उकिडवं बसून उठा."

तेही त्यानं केलं. पदर तोंडात कोंबला तरी मला हसू आवरेना.

"हे काय चाललंय?" चुलत्यांनी विचारलं. तात्यांनी ऐकलेलं सांगून टाकलं. मित्र हसून गडबडा लोळायचाच बाकी राहिला.

मुलगा कानापर्यंत लाल झाला. "स्टँड म्हणजे उभं राहणं, बरोबर. पण सोसणं असाही अर्थ होतो. एखाद्या गोष्टीपुढं टिकून उभं राहता आलं, म्हणजे ती सोसली. मला वांगी... सोसत नाहीत."

आणि घाबरलेला मास्तर जे करतो तेच त्यानं केलं. शिकवायला लागला. संस्कृतातला 'स्था' आणि इंग्रजांचा 'स्टँड' एकाच मुळातले. आपलं स्थान, पोलिसांचं ठाणं, एसटीचं स्टँड, सगळे एकमेकांचे नातलग.

"म्हंजी भावकीच," तात्या म्हणाले. "मग घोटाळा व्हायचाच."

आत्यानं मात्र मुद्द्याचं विचारलं, "मास्तर, वांगी सोसत न्हाईत. पोरगी सोसंल का?"

"तिला मी सोसेन का, ते आधी तिलाच विचारा," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे वळले. त्या काळी मुलीला कुणी काही विचारणं म्हणजे अप्रूपच. मी मान हलवली आणि तबक घेऊन आत पळाले. फाल्गुनात आमचं लग्न झालं.