साद्राचा डावा हात

न्योमान साद्रा दगड कोरून पोट भरतो आणि आमच्या वाडीच्या गमेलानमध्ये, म्हणजे काशाच्या वाद्यांच्या ताफ्यात, वरच्या सुराचं पट्टीवाद्य वाजवतो. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला ब्ली म्हणतो. त्याच्या वाद्याच्या काशाच्या पट्ट्या मी घडवल्या आणि कानशीने घासून सुरात आणल्या. एक्केचाळीस वर्षं भट्टीवर होतो. आता घरी असतो.

हे वाजवणं बघायला सोपं दिसतं. उजव्या हातातल्या लाकडी हातोडीने पट्टी वाजवायची. पुढच्या पट्टीवर जाताना मागची पट्टी डाव्या हाताच्या चिमटीत धरून गप्प करायची. उजवा हात कोणालाही जमतो. डाव्याला वर्षं लागतात. चिमूट लवकर पडली तर सूर मरतो, उशिरा पडली तर सगळा चिखल होतो. साद्रा सात वर्षांचा असताना बापासमोर बसला. बाप वाद्याच्या पलीकडून, उलट्या बाजूने वाजवून दाखवायचा. पहिल्या वर्षी त्याने पोराला हातोडी दिलीच नाही. फक्त चिमूट.

साद्रा तेवीस वर्षांचा असताना वाडीची पहिली कॅसेट निघाली. मंडपाच्या आढ्याला एकच माइक टांगला होता. पंचवीस माणसं एकदम वाजवत होती, एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. अकरा वेळा वाजवलं. मध्येच कुत्रं भुंकलं, ते त्यात तसंच आहे. आजही आसपासच्या वाड्या ती कॅसेट लावून शिकतात, आणि त्यातली वरची झिलई साद्राची आहे.

यंदा पुन्हा ध्वनिमुद्रण करायचं ठरलं. देन्पसार शहरात कोमांगचा स्टुडिओ आहे. कोमांग आमच्याच वाडीतला, पण पोट भरतो गायकांच्या गाण्यांवर. त्याच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर. एकेका वाद्याचं वेगळं मुद्रण करायचं, मग सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचं. आमच्या वाजवण्यात एकाचा स्वर दुसऱ्याच्या दोन स्वरांमधल्या फटीत बसतो. एकट्याने वाजवलं तर ते निम्मं वाक्य होतं. साद्राने कानाला हेडफोन लावून ते निम्मं वाक्य दोन दिवस वाजवलं. एकदाही कुरकुर केली नाही.

काम झाल्यावर कोमांगने मला बोलावून घेतलं. माझं नाव मादे, तो मानाने पाक मादे म्हणतो. आमची वाद्यं जोडीने असतात. एकाचा सूर दुसऱ्यापेक्षा केसभर खाली घासायचा. दोन्ही एकत्र वाजली की सूर थरथरतो, त्याला आम्ही लाट म्हणतो. लाट नसेल तर काशात जीव नाही.

कोमांग म्हणाला, "पाक मादे, आदल्या गायिकेसाठी सूर सरळ करायची सोय लावली होती. ती इथेही चालू राहिली असावी असं वाटतंय. माझे कान आता थकलेत. पट्ट्या तुमच्या आहेत. लाट आहे का तेवढं सांगा."

मी हेडफोन लावला, डोळे मिटले, सगळा तुकडा ऐकला. मला घंटेचा घुमारा ऐकू आला, ढोल ऐकू आला. वरच्या पट्ट्या ऐकूच आल्या नाहीत. चार वर्षांपासून येत नाहीत. भट्टीवरच्या घणाने कान नेले. हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "ठीक आहे."

वाडीच्या पुढच्या बैठकीत ते मुद्रण मंडपात लावलं. ढोलवाला म्हणाला, हे आपण वाजवलंय की शाळा सुटल्याची घंटा आहे? लोक हसले, मग थांबले. कोणीतरी सुराबद्दल विचारलं. कोमांगने सांगितलं, सूर पाक मादेंनी तपासलाय. तिथेच तो विषय संपला. वाडीत माझ्या कानावर कोणी शंका घेत नाही. सुरात दोष नाही, म्हणजे दोष हाताचा.

साद्राने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "वय झालं. चिमूट लवकर पडतेय." आणि त्याने जागा सोडली. पुतण्याला, आर्दिकाला पुढे केलं. बैठकीने मान डोलावली. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तोंड उघडलं नाही.

आठवड्याने त्याच्या घरी गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो. साद्रा ओसरीत बसला होता. समोर कोरायच्या दगडाची फळी. तिच्या कडेवर तो डाव्या हाताने चिमूट धरत होता, सोडत होता, पुन्हा धरत होता. उजवा हात मांडीवर. अडुसष्टाव्या वर्षी सात वर्षांचा धडा. त्याने मला कॉफी दिली आणि विचारलं, "मादे, तू पट्ट्यांचा माणूस. खरं सांग, कधीपासून बिघडलंय माझं?"

मी म्हणालो, मुद्रणावरून नीटसं कळत नाही. कॉफी संपवली आणि उठलो. तिथे तरी बोलायला हवं होतं.

आणखी बारा दिवस गेले. मग कोमांगला फोन करून सांगितलं की मी काही ऐकलंच नव्हतं. त्याने तपासलं. सूर सरळ करायची सोय खरंच चालू होती, दोन्ही वाद्यं एका रेषेत आणून ठेवली होती. पण मूळ वाजवणं जसंच्या तसं आत होतं. कॉम्प्युटरवरची एक खूण काढली आणि लाट परत आली. त्याला मिनिटही लागलं नाही.

जागा मात्र कोमांगच्या हातात नव्हती. बैठकीत सोडलेली जागा बैठकच परत देते, आणि साद्रा मागणार नव्हता.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत, चार वर्षं झाली, ब्लीच्या हाताला काही झालेलं नाही, असं सांगितलं. कोमांगने दुरुस्त केलेलं मुद्रण लावलं. लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं की लाट आली. ढोलवाला विनोद करेल असं वाटलं होतं. त्याने केला नाही. तेच जड गेलं.

आर्दिका स्वतःच वाद्यावरून उठला. साद्रा जागेवर जाऊन बसला, हातोडी उचलली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ओसरीत मी तुला विचारलं होतं, मादे."

अजूनही तो माझ्याशी फारसं बोलत नाही. मी सरावाला जातो, मागे बसतो. पट्ट्या ऐकू येत नाहीत, म्हणून त्याचा डावा हात बघतो. चिमूट वेळेवर पडते.