तोकुजीला दिसलेले ढग

जपानमधल्या नागानोच्या डोंगरातल्या एका गावात तोकुजी मोमोसे आणि त्याची बायको किनुए यांचं केशकर्तनाचं दुकान होतं. तो केस कापायचा, तीही कापायची. पण त्या वर्षी वसंतापासून दाढीची गिऱ्हाइकं तो गुपचूप तिच्याकडे सरकवू लागला होता.

तोकुजीला नाद एकच, उल्कांचे फोटो काढायचा. उल्कावर्षावाच्या रात्री तो कॅमेरा आणि तो रोवायचं तिकाटणं घेऊन वरच्या कोबीच्या शेतात जायचा. किनुए कधी सोबत गेली नव्हती. "कुडकुडायला घरातला एक पुरे," म्हणायची.

ऑगस्टमध्ये त्याचे सगळे फोटो धूसर आले. "भिंगावर दव धरलं," तो म्हणाला. ऑक्टोबरात त्याने भिंगाभोवती गरम पुड्या बांधल्या, तरी तेच.

मग एक दिवस जुनं गिऱ्हाईक यानागिसावा खुर्चीवरून हसत म्हणाले, "वहिनी, उजव्या कानामागे झुडूप राखलंय बघा तुमच्या नवऱ्यानं. पाखरं येतील घरटं करायला!"

किनुएही हसली. कात्री घेऊन तिने ते झुडूप उडवलं, आणि त्या दिवसापासून ती तोकुजीच्या हातांवर नजर ठेवू लागली.

डिसेंबरात मिथुन राशीतून उल्का बरसायच्या रात्री ती म्हणाली, "मीपण येते."

शेत दहिवराने पांढरं झालं होतं. फोटो स्पष्ट यावा म्हणून तोकुजी भिंगाची कडी नुसती इकडून तिकडे फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "ढग आलेत गं. चल घरी."

किनुएने वर पाहिलं. आभाळ चांदण्यांनी खच्चून भरलेलं होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ढग नाहीत."

त्याने कडीवरचा हात काढून घेतला.

"वसंतापासून असंच आहे. गावाला कळलं तर आपल्या दुकानात मान कोण पुढे करेल?"

"माझ्या वस्तऱ्यापुढे करतात ना! आणि मला सांगायला काय झालं होतं?" तिचा आवाज चिरकला. तिने नाक पुसलं. "बरं, आता बोला. ही कडी कुठवर फिरवू?"

"एक ठळक तारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून घे. मग फिरव. तो टाचणीच्या टोकाएवढा झाला की थांब."

"झाला... नाही, फुगला परत मेला!"

"कडी मागे घे. हळू. कोबी उपटत नाहीयेस तू."

तारा बारीक झाला. कॅमेरा आपोआप एकामागून एक फोटो घेऊ लागला. दोघं एका घोंगडीत बसून राहिले. बऱ्याच वेळाने एक हिरवट गोळा अर्धं आभाळ चिरत गेला आणि क्षणभर सगळं शेत उजळलं.

"मोठी होती ना?" तोकुजी ओरडला. "तुझं तोंड दिसलं मला! आ वासला होतास!"

ती हसता हसता रडली.

पुढच्या आठवड्यात तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती. थेंब नेमाने घातले तर उरलेली टिकण्याची आशा होती. तोकुजीने कात्री खाली ठेवली. आता तो गिऱ्हाइकांची डोकी धुतो, खांदे चेपतो, आणि यानागिसावा तर नुसते खांदे चेपून घ्यायला येतात.

हिरव्या उल्केचा फोटो दुकानात टांगलाय. "कुणी काढला?" असं डोकं धुवून घेताना कुणी विचारलं, की तोकुजी किनुएच्या आधी बोलतो, "हिनं! पहिल्याच रात्री! मला अशी एकदाही नाही सापडली."

"पुरे हो," किनुए म्हणते, "त्यांच्या डोळ्यात साबण चाललाय."