पुणे ते जुहू, आमच्या कान्ह्यावरून

विमानात बसायचं ठरलं ते दुसरं महायुद्ध पेटायच्या आधीच्या वैशाखात. यजमानांचे मित्र बोमनजी आपलं दोन सीटांचं विमान पुण्याहून जुहूला परत नेणार होते आणि मागची जागा रिकामी होती. यजमानांना उंचीची धास्ती, म्हणून नंबर माझा लागला.

मावळात कान्ह्याला माहेरी मी हे सांगितलं आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते थेट चावडीवर नेलं. तिथं किसनभाऊ हसले. "तुजी लेक इमानात? आबा, थापा बी जरा बेतानं मारा."

आबा तापले. "गावावरनं जाताना ती लाल फडकं हालवंल. न्हाई हालवलं, तर पुन्यांदा चावडीवर यायचा न्हाई मी."

आबांचा शब्द म्हणजे शब्द. मला वरून गाव ओळखू यावं म्हणून विमान निघेल त्याच सकाळी आपल्या शेतात राब पेटवून धूर करायचं ठरलं. भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो राब.

ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांनी कानात कापूस घालावा, अंगात गरम कोट घालावा आणि पोट रिकामं ठेवू नये. मी भाकरी-पिठलं खाऊन निघाले, काही त्रास झाला नाही. विमान माळावरून उठलं तेव्हा भीतीपेक्षा हसूच जास्त आलं. बोमनजी रेल्वेच्या रुळांवरून वाट धरून होते. सोमाटणं मागे पडलं आणि मी खणाचा लाल तुकडा मुठीत घट्ट धरून धूर शोधू लागले.

धूर दिसला. मग दुसरा दिसला, तिसरा दिसला, नदीच्या दोन्ही अंगांना दिसेल तिथवर धूरच धूर. वैशाखात राब भाजत नाही असं मावळात एक गाव नाही, हे आम्हा बापलेकीच्या डोक्यातच आलं नव्हतं. बोमनजींना विचारावं तर इंजिनापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना.

मग म्हटलं, एकही गाव सोडायचं नाही. लोणावळ्यापर्यंत दिसेल त्या धुराला मी फडकं हलवत गेले. हात पार भरून आला. घाट ओलांडला आणि पाऊण तासात जुहूला टेकलोसुद्धा. रेल्वेनं शंभरावर मैल होतात, हवेतून पाऊणशेच.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं परत निघाले. घाट चढून लोणावळ्याला यायलाच दुपार झाली. गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी घेतली. समोर दोन भाजीवाल्या येऊन बसल्या.

"इमानातल्या बाईनं आमच्या कारला गावाला फडकं दावलं."

"खुळी का काय तू? आमच्या वाकसईला दावलं."

मी खिडकीबाहेर तोंड करून पोटभर हसले.

कान्ह्याला जायला कामशेतला उतरले, तर आबा बैलगाडी घेऊन आले होते. गाडी हाकत होते किसनभाऊ. "लय झ्याक हालवलंस, पोरी," एवढंच ते म्हणाले.

मी आबांच्या कानाशी लागून खरं ते सांगितलं, "आबा, मला आपलं गाव वळखूच आलं न्हाई."

आबाही हळूच म्हणाले, "मला बी तू दिसली न्हाईस. घरघर आयकली आन् डोळंच भरलं."

शेताकडची वाट घराला जवळची. पण आबांनी किसनभाऊंना गाडी चावडीवरून घ्यायला लावली, तीही अगदी सावकाश.